म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय काढल्यानंतर: घरी घ्यायच्या काळजीची सविस्तर माहिती

‘पाय काढावा लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणतंच, ‘या वयात कशाला त्याचे हाल करता?’ हा प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. हाडाच्या कॅन्सरने पोखरलेला किंवा अपघातात चिरडलेला पाय रात्रंदिवस ठणकत असतो. असं कुत्रं बऱ्याचदा तो पाय टेकवायचं आधीच सोडून देतं. म्हणजे तीन पायांवर चालायला ते शिकलेलंच असतं, वर चौथ्याचं दुखणं वागवत असतं. ऑपरेशनने ते दुखणं थांबतं. नुसतं वय झालं म्हणून नाही म्हणू नये. मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि उरलेले तीन पाय कसे आहेत, हे बघून निर्णय घ्यावा.

यातल्या शेवटच्या गोष्टीकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. ऑपरेशन झालं की घरातले सगळे टाक्यांकडे बघत बसतात. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. पुढचं सगळं आयुष्य मात्र त्याला उरलेल्या तीन पायांवर काढायचं असतं, आणि दहा-अकरा वर्षांच्या लॅब्राडॉरच्या किंवा जर्मन शेफर्डच्या त्या तीन पायांत संधिवात बहुतेक वेळा आधीच शिरलेला असतो. म्हणून पुढे टाक्यांपेक्षा फरशी, वजन आणि वेदनेची औषधं यांवर जास्त लिहिलं आहे.

ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी

रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतातच: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताचे एन्झाइम. त्यात प्लेटलेटचा आकडा आवर्जून विचारा. आपल्याकडे गोचीड ताप भरपूर आहे आणि म्हाताऱ्या कुत्र्यात तो वरून काही न दाखवता दबून राहू शकतो. प्लेटलेट कमी असतील तर टेबलावर रक्त थांबायला त्रास होतो. आधी उपचार करून मग ऑपरेशनला गेलेलं बरं.

कॅन्सरचा संशय असेल तर छातीचा एक्स-रे आधीच काढतात, कारण हाडाचा कॅन्सर पहिल्यांदा फुप्फुसात पसरतो. त्याच दिवशी डॉक्टरांना उरलेल्या तिन्ही पायांचे सांधे हाताने हलवून बघायला सांगा. खुब्यांचा जुना त्रास असेल तर तिथलाही एक्स-रे काढून घ्या. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. त्यामुळे पुढचा पाय गेला तर जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि जड डोक्या-छातीच्या कुत्र्याला तर आणखी जास्त. मागचा पाय गेलेली कुत्री त्या मानाने लवकर सावरतात.

पाय किती वरून काढणार, हेही विचारा. बहुतेक वेळा मागचा पाय मांडीतून किंवा खुब्यातून, आणि पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. अर्धवट ठेवलेला खुंट जमिनीला घासून सतत जखमी होतो, म्हणून वरून काढणं सहसा हिताचं ठरतं. ‘नंतर कृत्रिम पाय बसवू’ असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो ऑपरेशनच्या आधी बोलायला हवा, कारण वरून काढलेल्या पायाला तो बसवता येत नाही.

खाज-बिज म्हणून कुत्र्याला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगायला विसरू नका. स्टिरॉइड आणि ऑपरेशननंतरची वेदनाशामकं एकत्र पोटात गेली तर जठराला अल्सर होऊ शकतो.

ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर हातात आलेले ते दिवस वाया घालवू नका. पाठीवर हँडल असलेला हार्नेस आणून कुत्र्याला सवय लावा. नखं कापा. पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस ट्रिमरने काढा, कारण ते केस टाइल्सवर मोज्यांसारखे घसरतात. वजन जास्त असेल तर आजपासूनच खाणं आवरा.

आधी फरशी, मग कुत्रं

नाशिकच्या बहुतेक फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. जुन्या घरांतली खडबडीत शहाबादी त्या मानाने बरी. गुळगुळीत टाइलवर तीन पायांचं कुत्रं उठायला गेलं की उरलेला मागचा पाय बाहेर फाकतो, आणि एका झटक्यात मांडीचा स्नायू किंवा गुडघ्याचा लिगामेंट जातो. शिवाय असं एकदा-दोनदा पडलेलं म्हातारं कुत्रं उठायचंच सोडून देतं. घरचे समजतात की ऑपरेशनने खचलं. खरं तर ते फरशीला घाबरलेलं असतं.

म्हणून दवाखान्यातून आणायच्या आदल्या दिवशीच त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत न सरकणारा रस्ता तयार करा. सतरंजी, गोधडी, सुती चादर चालत नाही, ती सगळी कुत्र्यासकट घसरतात. रबरी तळाची मॅट, योगा मॅट किंवा लहान मुलांच्या खोलीत टाकतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे चालतात. पारख सोपी आहे: पायात मोजे घालून मॅटवर उभे राहा आणि पाय जोरात रेटा. तुमच्याखाली सरकली तर त्याच्याखालीही सरकणार. जिथे त्याला वळावं लागतं तिथे रस्ता त्याच्या अंगाच्या लांबीइतका रुंद हवा, कारण पडणं बहुधा वळतानाच होतं. लादी पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला उठू देऊ नका. घरी पुसायला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

अंथरूण जाड पण घट्ट असावं. हात दाबला की फरशीला टेकतो अशा गादीचा उपयोग नाही. फार मऊ गादीतून त्याला तीन पायांवर उठता येत नाही. खाली मेणकापड, वर धुता येईल अशी चादर. सोफा आणि पलंग दोन्ही बंद. चढू नये म्हणून सोफ्यावर खुर्च्या आडव्या टाकाव्या लागल्या तरी टाका.

पुढचा पाय गेला असेल तर जेवणाचं आणि पाण्याचं भांडं छातीच्या उंचीला, एखाद्या चौरंगावर ठेवा. खाली वाकताना सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, तो तेवढ्याने वाचतो.

घरी आणताना

गाडीत मागच्या सीटसमोरची खोल जागा उशा-गोधड्यांनी भरून सपाट करा आणि एका माणसाने त्याच्याजवळ बसायचं. उचलायला दोघं लागतात: एकाचा हात छातीखाली, दुसऱ्याचा कमरेखाली, टाके असलेली बाजू तुमच्या अंगापासून लांब. काखेत हात घालून उचलू नका. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी जिना चढवा. पहिले काही दिवस तळमजल्यावर कोणाकडे सोय होत असेल तर संकोच करू नका, विचारा.

चालताना आधाराला आंघोळीचा मोठा टॉवेल पुरतो. मागचा पाय गेला असेल तर टॉवेल लांबट घडी करून मांडीच्या पुढे, पोटाखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरायची. नर असेल तर टॉवेल शूच्या जागेवर दाबला जात नाही ना, ते बघा. नाहीतर तो उभा राहतो, पण शू करत नाही, आणि आपण काळजीत पडतो. टॉवेल पडता-पडता सावरण्यापुरताच हातात ठेवायचा. त्याला उचलून चालवायचं नाही, वजन त्याचं त्यालाच पेलू द्यायचं.

पहिले तीन-चार दिवस

पहिली रात्र अवघड जाते, हे आधीच मनात धरा. भूल आणि वेदनेची तीव्र औषधं उतरताना कुत्रं धापा टाकतं, कण्हतं, कशातच स्वस्थ बसत नाही. खोली शांत, दिवा मंद, एकच माणूस जवळ. नातेवाईक आणि शेजारी आठवड्यानंतर आले तरी चालतं.

शू १२ ते २४ तासांत व्हायला हवी. नाही झाली तर फोन करा. शीला तीन-चार दिवस लागू शकतात, कारण पोट रिकामं असतं आणि वेदनेच्या काही औषधांनी आतडी मंदावतात. उकडलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे जेवणात मिसळला तर मदत होते. शीला बसताना टॉवेलचा आधार द्या, कारण वाकून तोल धरणं हे त्याच्यासाठी सगळ्यांत कठीण आसन आहे.

मोत्या, आमचा कुत्रा. त्याचा मागचा डावा पाय गेला. पहिल्या दिवशी त्याने सवयीने कंपाउंडच्या भिंतीशी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला आणि सरळ कुशीवर आला. पुढच्या वेळी तो भिंतीजवळ गेला, हुंगलं, थोडा वेळ उभा राहिला, मग अंग पुढे झुकवून पिल्लासारखी शू केली. नर कुत्र्यांना ही अडचण येतेच. त्या वेळी ओढाओढ न करता पट्टा सैल ठेवून थांबलात तर ती आपली पद्धत आपण शोधतात.

आता काही आकडे, जे फ्रिजवर लावून ठेवावेत. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजायचं. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा. गाढ झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत हवेत. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट किंवा जखमेची जागा झपाट्याने फुगली, कुत्रं गळून पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्यात रात्री कोण असतं आणि नसेल तर कुठे जायचं, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

वेदना आणि औषधं

वेदनेच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे द्यायच्या. ‘आज बरा दिसतोय, नको देऊया’ हा विचार पहिल्या दोन आठवड्यांत तरी करू नका. दुखणं एकदा वाढलं की ते खाली आणायला दुप्पट कष्ट पडतात. कुत्री आरडाओरडा करून दुखणं सांगत नाहीत. रात्री गार हवेतही धापा टाकणं, अंग थरथरणं, सारखी कूस बदलणं, भिंतीकडे तोंड करून बसणं, आवडत्या माणसावरही गुरगुरणं, अन्नाकडे न बघणं: दुखतंय हे सांगायची त्यांची भाषा ही.

मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी कुत्र्यांसाठीची औषधं जेवणानंतरच द्यावीत. काळी, डांबरासारखी शी, उलटी किंवा अचानक भूक जाणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. सोबत बहुधा गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध असतं. त्याने कुत्रं थोडं पेंगतं आणि डुलत चालतं. हे अपेक्षित असतं, पण त्या वेळात जिन्याजवळ सोडू नका.

घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मात्र कधीही नाही. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला भोकं पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने द्यायचं औषध नाही. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना डायक्लोफिनॅक काय करतं ते वेगळं सांगायला नको. अंजनेरीच्या कड्यांवर अजून गिधाडं घरटी करतात, पण देशभरातली त्यांची संख्या कोसळली ती याच औषधाचा अंश राहिलेली जनावरं खाऊन, मूत्रपिंडं बंद पडून. म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गुडघ्याला चोळायच्या मलमातही तेच असतं. तुम्ही मलम लावलं असेल आणि कुत्र्याला हात-पाय चाटायची सवय असेल, तर त्याला लांब ठेवा.

काही कुत्री टाके सुकल्यावरही मध्येच दचकून ओरडतात, झटक्याने वळून पाय होता त्या जागेकडे बघतात, तिथे चावायला जातात. तोडलेल्या नसांचं हे दुखणं खरं असतं. ‘त्याला पाय आठवतो’ म्हणून सोडून देऊ नका. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि लवकर सुरू केली तर चांगली लागू पडतात. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रं नेमकं तसं करत नाही.

टाके

दिवसातून दोनदा, उजेडात बघायचे, आणि रोज एकाच वेळी एक फोटो. आठवणीपेक्षा फोटोवरून फरक चटकन कळतो. जांभळट डाग आणि थोडी सूज पहिल्या आठवड्यात असतेच, आणि ते डाग खाली पोटाकडे सरकलेले दिसतात. पहिले तीन दिवस पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, टाक्यांच्या आजूबाजूला धरला तर सूज उतरते. टाक्यांच्या खालच्या टोकाला पाण्याची मऊ पिशवी झाल्यासारखं वाटलं तर ते बहुधा कातडीखाली साठलेलं पाणी असतं. ती पिशवी स्वतः दाबू किंवा टोचू नका, दाखवून आणा. पू, घाण वास, गरम लाल कातडी, उघडलेला टाका यांसाठी त्याच दिवशी जायचं.

हळद, चुना, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही लावू नका. जखमेला बंद, कोरडं आणि स्वच्छ राहायचं असतं, एवढंच. खरी भीती माश्यांची, त्यातही पावसाळ्यात. उघड्या ओल्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. दिवसा त्याच्या गादीवर बाळाची घडीची मच्छरदाणी टाकली तर उत्तम.

चाटू नये म्हणून गळ्यात कोन हवाच. पण कडक प्लास्टिकचा मोठा कोन तीन पायांच्या कुत्र्याला दाराच्या चौकटीत अडकवून पाडतो, आणि पायाखालची जमीनही दिसू देत नाही. मऊ कापडी कोन चांगला. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला घरातला सुती टी-शर्ट घालून कमरेशी गाठ मारली तरी टाके झाकले जातात. रोज बदला. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर आंघोळ नाही.

खाणं, आणि नाशिककरांसाठी दोन धोके

पहिले दोन दिवस भूक कमी असते. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन आणि भात, अंडं, थोडं दही. कोमट करून दिलं की वास येतो आणि कुत्रं तोंड लावतं. जखम भरायला प्रथिनं लागतात, नुसत्या दूध-पोळीने भागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आपल्या जिल्ह्याला ज्या दोन पिकांनी नाव दिलं ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नसतो. एखाद्याला मूठभराने काही होत नाही, दुसऱ्याला थोड्यानेच होतं. हंगामात घरी क्रेट येतात, मुलं खाली बसून खातात, मणी घरंगळतात. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेल्या कुत्र्याला मिसळीचा रस्सा, कांदा-लसणाची भाजी किंवा कालवणात बुडवलेली पोळी देणं म्हणजे उरलेलं रक्तही काढून घेणं. शिजवला, तळला, पावडर केली तरी कांदा तसाच घातक.

आता वजन. टाके निघाले की वजन करा आणि तो आकडा नवी सुरुवात म्हणून लिहा. पाय गेल्यामुळे काटा कमी दाखवतोच. त्यावरून ‘किती वाळला’ म्हणून खाणं वाढवू नका. विसाव्याच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढायचं सोपं गणित असं: किलोतलं वजन गुणिले ३०, अधिक ७०. पंचवीस किलोच्या कुत्र्याला ८२० कॅलरी. फारसं न हिंडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज त्याच्या थोडीच वर असते. एक पोळी साधारण १०० कॅलरीची धरा. घरातल्या चौघांनी मायेने एकेक पोळी टाकली की जवळजवळ निम्मं रेशन त्याच्या ताटाबाहेरच संपलं. चहाबरोबरची बिस्किटं अजून मोजलीच नाहीत. म्हणून दिवसभराचं सगळं खाणं सकाळी एका डब्यात काढा, लाड करायचे ते त्या डब्यातून.

काट्याइतकंच हाताला कळतं. आपला हात सपाट पसरून त्या हाताच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवली की हाडं जशी लागतात, तशा कुत्र्याच्या फासळ्या लागायला हव्यात. शोधाव्या लागल्या तर वजन जास्त आहे. तीन पायांच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी कोणत्याही महागड्या सप्लिमेंटपेक्षा दोन किलो कमी वजन जास्त काम करतं, हे मी ठामपणे सांगते.

टाके निघाल्यावर: चालणं शिकवणं

सुरुवात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी, दिवसातून तीन-चारदा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. रविवारी सगळे घरी आहेत म्हणून एकच लांब फेरी मारणं सगळ्यांत वाईट. दुसऱ्या दिवशी तो जास्त आखडलेला दिसला तर कालचं चालणं जास्त झालं. तीन दिवस आधीच्या कमी मिनिटांवर या.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. तीन पायांवर अगदी सावकाश चालणं त्याला अवघड जातं, थोड्या वेगात उड्या घेत जाणं सोपं. म्हणून तो पट्टा ओढतोय असं वाटतं. त्याला रागावू नका, तुम्ही जरा भरभर चाला आणि लवकर थांबा. सावकाश चालणं हा व्यायाम म्हणून थोडा-थोडा करून घ्यायचा.

घरातल्या घरात तीन व्यायाम पुरतात, सगळे मॅटवर. पहिला, बस-ऊठ: खाऊच्या आमिषाने पाच वेळा. बसताना उरलेला मागचा पाय बाहेर फाकत असेल तर भिंतीला चिकटून बसवा. दुसरा: तो उभा असताना खाऊ नाकासमोरून सावकाश एका बाजूच्या खांद्यापर्यंत न्यायचा, मग दुसऱ्या. मान वळते, पाय जागेवर राहतात, पोट-पाठीचे स्नायू काम करतात. तिसरा, टाके निघून महिना झाल्यावर: झाडूच्या काठ्या किंवा पाइपचे तुकडे जमिनीवर अंतराने ठेवून त्यांच्यावरून चालवायचं. काठी जमिनीलाच असू द्या, उंच करायची नाही. शेवटी उरलेल्या पायांना, मानेला आणि खांद्यांना कोमट तळहातांनी पाच मिनिटं चोळा. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याची मान आणि पाठ फार थकते, कारण प्रत्येक उडीला ते डोकं वर झोकतं.

हे चोळता-चोळताच मला एक कळलं. मोत्या बसल्या-बसल्या डावीकडे मान तिरपी करायचा आणि कमरेच्या त्या बाजूचा स्नायू भराभर हलायला लागायचा. त्याचा डावा कान खाजत होता आणि नसलेला पाय तो खाजवत होता. तेव्हापासून स्नायू हलला की घरातलं कोणीही उठून त्याचा कान खाजवतं. तुमच्या कुत्र्याचंही बघा, आणि त्या बाजूचा कान आठवड्याला आतून तपासा. तिथला मळ आणि गोचिड्या आता त्याच्या पायाला काढता येत नाहीत.

गाडीत चढायला प्लायवुडची फळी वापरा, वर मॅट ठोकून. फळी जितकी लांब तितका चढ सौम्य. उंच गाडीला दीड-दोन मीटर लागते. स्कूटरच्या पायापाशी उभं राहून फिरायची सवय असेल तर ती आता कायमची बंद. एका ब्रेकला तो खाली जाईल. गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या आणि पांडवलेणीचा चढही यादीतून काढा. सपाट मातीची वाट हवी.

पोहणं चांगला व्यायाम आहे, पण जखम पूर्ण भरल्यावर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि माणूस पाण्यात शेजारी असताना. तीन पायांचं कुत्रं पाण्यात एका बाजूला कलंडतं. मळ्यातल्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर अजिबात सोडू नका. त्याचा उतार इतका निसरडा असतो की चार पायांचं धडधाकट कुत्रंही बाहेर येऊ शकत नाही.

ऋतू आणि सण

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या आसपास आणि निफाडकडे त्याहून खाली जातो. त्या पहाटे संधिवाताची कुत्री कडक झालेली असतात. ऊन अंगणात येईपर्यंत फेरी पुढे ढकला आणि निघण्याआधी सांधे चोळून सैल करा. उन्हाळ्यात तीन पायांवरचं चालणं जास्त दमवतं, म्हणून सकाळी सातच्या आत आणि रात्रीच बाहेर पडा. डांबराला हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली तरच त्याचे पंजे टेकवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि सोसायटीची ओली लॉबी जास्त धोक्याची. आत आल्यावर बोटांमधलं पाणी टिपा, नाहीतर तिथे बुरशी धरते.

ढोल-ताशा आणि फटाके यांनी घाबरून पळताना होणारं पडणं फार वाईट असतं. गणपती आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारून घ्या. टाके ओले असताना रंगपंचमी आली तर त्याला आतल्या खोलीतच ठेवा. आपल्याकडे रंग त्याच दिवशी असतो, धुळवडीला नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांनाही सांगा.

कारण कॅन्सर असेल तर

काढलेल्या हाडाचा तुकडा तपासायला पाठवला आहे ना, याची खात्री करा. हाडाच्या कॅन्सरमध्ये म्हणजे ऑस्टिओसार्कोमामध्ये नुसता पाय काढला तर कुत्री सरासरी चार ते पाच महिने जगतात. सोबत कार्बोप्लॅटिनसारखी केमोथेरपी दिली तर दहा ते बारा महिन्यांच्या आसपास. काही त्याहून पुष्कळ जास्त जगतात. माणसांसारखे केस गळून, सतत उलट्या होऊन हाल व्हावेत असा डोस कुत्र्यांना देत नाहीत. बहुतेक कुत्री केमो बऱ्यापैकी सहन करतात. नाशिकमध्ये सोय झाली नाही तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू आहे. प्रवासात कसाऱ्याच्या वळणांवर त्याच्या दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या गुंडाळ्या लावा.

केमो परवडत नसेल किंवा करायची नसेल, तरी पाय काढणं फुकट गेलं असं समजू नका. त्या चार-पाच महिन्यांत तो न दुखता झोपतो. दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढा. खोकला, दम किंवा दुसऱ्या पायात नवा लंगडेपणा आला तर लगेच दाखवा.

पुढचं रोजचं

उरलेल्या पायांच्या गाद्या आठवड्याला बघा. एकाच पायावर जास्त भार पडून तिथे चिरा पडतात. पुढचा एकच पाय असेल तर त्याचं मनगट मागे वाकून खचत नाही ना, हे बाजूने फोटो काढून महिन्या-महिन्याला ताडून बघा. कोपरावर घट्टा वाढला तर गादी बदला. टाइलवर टकटक आवाज आला की नखं कापायची वेळ झाली. दर सहा महिन्यांनी रक्त, विशेषतः वेदनेची गोळी रोज चालू असेल तर क्रिएटिनिन. आणि महिन्यातून एकदा वजन: तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी डायरीत तारखेसह लिहा. मोठा कुत्रा उचलता येत नसेल तर दवाखान्यातला काटा वापरू देतात, त्यासाठी तपासणीची वेळ घ्यावी लागत नाही.